दिनचर्याध्यायाची घडण : शरीराच्या क्रमाकडून दिवसाच्या क्रमाकडे

आयुर्वेदातील दिनचर्येचा निर्देश अलीकडच्या लोकोपयोगी लेखनात बहुधा एका अखंड आणि एकजिनसी नियमावलीच्या रूपाने केला जातो. पहाटे उठावे, पाणी प्यावे, जीभ घासावी, तेलाची गुळणी धरावी, अंगाला तेल चोळावे, मग स्नान करावे, हा सारा क्रम प्राचीन ऋषींनी एकाच बैठकीत सांगून टाकला असावा, अशी वाचकाची समजूत त्यामुळे होते. संहिता समोर ठेवून पाहिले असता ही समजूत टिकत नाही. यांतील काही आचार फार जुने आहेत, काही मध्ययुगातील आहेत; आणि त्या सर्वांना एका दिवसाच्या सूत्रात ओवण्याची कल्पना त्या आचारांइतकी जुनी दिसत नाही. दिनचर्या हा ‘अध्याय’ म्हणून केव्हा आणि कोणत्या सामग्रीतून उभा राहिला, हा प्रश्न म्हणून वैद्यकाच्या इतिहासाइतकाच धर्मशास्त्राच्या आणि समाजाच्या इतिहासाचाही आहे.

प्रथम चरकसंहितेचा विचार करणे सोयीचे होईल. तिच्या सूत्रस्थानातील पाच ते आठ या चार अध्यायांचे मिळून स्वस्थचतुष्क बनते. त्यांपैकी पाचव्या अध्यायाचे नाव ‘मात्राशितीय’ असे असून त्याचा आरंभ अन्नाच्या मात्रेच्या विचाराने होतो. कोणती द्रव्ये नित्य सेवन करावी हे सांगून झाल्यावर ग्रंथकार स्वस्थाने शरीराची निगा कशी राखावी याकडे वळतो, आणि येथे त्याने स्वीकारलेला क्रम अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखा आहे. पहिला मान अंजनाला मिळतो. सौवीरांजन नित्य घालावे आणि स्राव होण्यासाठी पाचव्या किंवा आठव्या रात्री रसांजन वापरावे. कारण डोळा तेजोमय असून त्याला कफापासून विशेष भय आहे. त्यानंतर धूमपान, त्यानंतर अणुतैलाचे नस्य, आणि मग कोठे दंतपवन! पुढे जिव्हानिर्लेखन, तोंडात धरावयाची सुगंधी द्रव्ये, तैलगंडूष, डोक्याला तेल, कानात तेल, सर्वांगाला अभ्यंग, पायांना अभ्यंग, स्नान, निर्मल वस्त्र, गंध, माला, रत्नधारण, केशनखांचे कर्तन, पादत्राण, छत्र आणि शेवटी दंड.

हा क्रम घड्याळाचा नव्हे. कोणीही मनुष्य आधी डोळ्यांत अंजन घालून, धूर ओढून मग दात घासावयास बसत नाही. डोळा, मस्तक, नाक, दात, जीभ, मुख, पुन्हा मस्तक, कान, त्वचा, पाय असा हा क्रम शरीराच्या अवयवांना अनुसरून बहुतांशी वरून खाली उतरत जातो आणि त्यानंतर शरीराबाहेरच्या वस्तूंकडे जातो. व्यायामाचा विचार या अध्यायात नाहीच. तो वेगधारणाच्या सातव्या अध्यायात आहे. ऋतूंचा विचार सहाव्यात आणि सद्वृत्ताचा आठव्यात आहे. म्हणजे आज ‘दिनचर्या’ या एका नावाखाली जे काही सांगितले जाते ते चरकात निदान तीन ठिकाणी विखुरलेले आहे. अध्यायाच्या अखेरीस नगरपालाने नगराविषयी आणि सारथ्याने रथाविषयी जसे जागरूक असावे तसे बुद्धिमंताने आपल्या शरीराविषयी असावे, असा दृष्टांत येतो. त्यातही दिवस नाही. राखावयाची वस्तू आहे, ती म्हणजे शरीर.

धूमपानाचे प्रकरण या अध्यायात चांगलेच विस्तृत आहे, आणि आजच्या वाचकाला ते काहीसे चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. हरेणुका, प्रियंगु, चंदन, वेलदोडा, वाळा, जटामांसी, गुग्गुळ, अगरू अशा द्रव्यांचा कल्क करून तो बोरूवर लिंपावयाचा, अंगठ्याएवढी जाड, आठ अंगुळे लांब आणि मध्यभागी जवासारखी फुगीर अशी वर्ती करावयाची, ती वाळल्यावर आतील बोरू काढून टाकावयाचा आणि तिला स्नेह लावून नळीतून तिचा धूर घ्यावयाचा. यासाठी दिवसाचे आठ प्रसंग सांगितले आहेत. धूर नाकाने घेतला तरी सोडावयाचा तो मुखानेच, नाकाने सोडल्यास डोळ्यांस अपाय होतो, अशीही ताकीद आहे. इतक्या तपशिलाने सांगितलेला हा नित्याचा आचार पुढे आक्रसत गेला. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात नस्य, गंडूष आणि तांबूल यांच्या पंक्तीत धूमाचा नुसता नामनिर्देश उरला आहे. त्याचा विधी त्या ग्रंथाने वेगळ्या अध्यायाकडे सोपविला. सोळाव्या शतकानंतर तमाखू या देशात आली आणि तिने धूम्रपान या शब्दाचा अर्थच बदलून टाकला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी तांबूल, तमाखू यांसारख्या नित्य वापरातील वस्तूंच्या इतिहासावर केलेले लेखन या दृष्टीने आजही उपयोगी पडते. अशा क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंवरून ग्रंथांचे कालनिर्णय होऊ शकतात हे त्यांनी दाखवून दिले.

सुश्रुतसंहितेत हाच विषय चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात आला आहे. अध्यायाचे नाव ‘अनागताबाधप्रतिषेध’, म्हणजे अद्याप न आलेल्या व्याधींचे निवारण. येथे निरोगी राहू इच्छिणाऱ्याने उठल्यावर रोज काय करावे अशी स्पष्ट प्रस्तावना आहे आणि आरंभ दंतपवनाने होतो. काष्ठ बारा अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड, सरळ आणि गाठी नसलेले असावे; कडू रसासाठी निंब, तुरट रसासाठी खदिर, गोड रसासाठी मधुक आणि तिखट रसासाठी करंज श्रेष्ठ. त्यापुढे जीभ, गुळणी, मुख व नेत्र यांचे प्रक्षालन, अंजन, तांबूल, डोक्याला तेल, फणी, कानात तेल, अभ्यंग, व्यायाम, उटणे, स्नान अशी मांडणी आहे. चरकातील अवयवक्रम येथे मोडला असून प्रातःकाळचा क्रम दिसू लागला आहे. तथापि उठण्याची वेळ या अध्यायाने ठरवून दिलेली नाही. सुश्रुताच्या संहितेचे थर आणि त्यांचा काळ हा वादाचा विषय असल्याने या फरकावरून दोन्ही संहितांचे पौर्वापर्य ठरविण्याचा मोह मात्र टाळणे इष्ट.

दंतकाष्ठाचा आचार वैद्यकाच्या मालकीचा नव्हता, हे बौद्ध विनयग्रंथांवरून कळते. पाली चुल्लवग्गात दंतकाष्ठ न वापरल्याचे पाच दोष सांगितले आहेत : डोळ्यांस हितकर नसणे, मुखास दुर्गंधी येणे, रसवाहिन्या शुद्ध न होणे, पित्त व कफ यांनी अन्न वेढले जाणे आणि अन्नावर वासना नसणे. ही भाषा वैद्याची आहे, भिक्षूची नव्हे. पुढील कथा तर अधिकच बोलकी आहे. काही उनाड भिक्षू लांबलचक दंतकाष्ठे बाळगून त्यांनीच श्रामणेरांना बडवू लागले, तेव्हा आठ अंगुळांहून लांब काष्ठ वापरू नये असा नियम झाला. मग एका भिक्षूने फारच आखूड काष्ठ वापरले आणि ते त्याच्या घशात अडकले. तेव्हा चार अंगुळांहून आखूड असू नये असा दुसरा नियम झाला. नियम कसे जन्मास येतात याचे इतके प्रामाणिक वर्णन धर्मग्रंथांत क्वचितच आढळते. इ. स. ६७१ ते ६९५ या काळात भारत व दक्षिणसागरातील बेटांवर प्रवास करणाऱ्या इत्सिंग या चिनी यात्रेकरूने मात्र काष्ठाची लांबी बारा अंगुळे, निदानपक्षी आठ, आणि जाडी करंगळीएवढी अशी दिली आहे. दंतकाष्ठ फोडून त्यानेच जीभ खरवडावी असेही तो सांगतो. त्याचे माप पाली परंपरेपेक्षा वैद्यक परंपरेशी अधिक जुळते. तो ज्या मूलसर्वास्तिवादी संप्रदायाचा अनुयायी होता त्याच्या विनयाशी वैद्यकाचा संबंध किती निकट होता, हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरेल.

इत्सिंगाच्या याच ग्रंथात वैद्यकाच्या इतिहासात वारंवार चर्चिला गेलेला आणखी एक उल्लेख आहे. आयुर्वेदाची आठ अंगे पूर्वी आठ ग्रंथांत होती, अलीकडे कोणा एकाने ती संक्षिप्त करून एका ग्रंथात आणली आणि सर्व देशांतील वैद्य त्यानुसार चालतात, असे तो म्हणतो. हा संक्षेपकार म्हणजे वाग्भट, असे हर्न्ले प्रभृती संशोधकांनी मानले. इतरांनी त्यावर शंका घेतल्या आणि प्रश्न निर्णायकपणे मिटला असे म्हणता येत नाही. वाग्भटाचा काळ सामान्यतः इ. स. ६०० च्या आसपासचा धरला जातो. प्रस्तुत विषयापुरते एवढे निश्चित की ‘दिनचर्या’ या नावाचा स्वतंत्र अध्याय अष्टांगसंग्रहाच्या सूत्रस्थानात तिसरा आणि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात दुसरा म्हणून येतो, आणि दोन्हीकडे त्याच्या पाठोपाठ ऋतुचर्या व रोगानुत्पादनीय हे अध्याय येतात.

वाग्भटाने नवे काय केले? द्रव्ये नवी नाहीत, विधीही बहुतेक जुनेच आहेत. नवे आहे ते प्रवेशद्वार. अष्टांगहृदयाचा दिनचर्याध्याय स्वस्थाने आयुष्याच्या रक्षणासाठी ब्राह्म मुहूर्तावर उठावे, या आज्ञेने उघडतो. ब्राह्म मुहूर्त ही संज्ञा धर्मशास्त्राच्या आह्निकप्रकरणातील आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाला त्याच वेळी उठून धर्म व अर्थ यांचे चिंतन करावयास सांगितले आहे. चरकाच्या मात्राशितीयात किंवा सुश्रुताच्या अनागताबाधप्रतिषेधात तिला स्थान नाही. तेथून पुढे शौच, दंतधावन, अंजन, नस्यादी उपचार, अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन, स्नान आणि भोजन असा दिवस उलगडत जातो. आणि भोजनाशी पोहोचताच अध्याय धर्माकडे वळतो. सुखाची इच्छा सर्वांना असते आणि धर्मावाचून सुख नाही, म्हणून धर्मपर व्हावे, असा दुवा जोडून काया, वाणी आणि मन यांची दहा पापे सांगितली जातात. ही यादी बौद्धांच्या दश अकुशल कर्मांशी जुळत असल्याने वाग्भट बौद्ध होता की काय या वादात ती नेहमी पुढे केली जाते. त्याच अध्यायात देव, गाय, विप्र, वृद्ध, वैद्य, राजा आणि अतिथी यांचा सत्कार करण्यासही सांगितले आहे, हे त्या वादातील एका पक्षाने विसरू नये. चरकाच्या पाचव्या अध्यायातील शरीर आणि आठव्या अध्यायातील सद्वृत्त यांना वाग्भटाने एका दिवसाच्या चौकटीत आणले, ती चौकट आह्निकाची होती, आणि वैद्यकातील दिनचर्येचा जन्म येथे झाला, असे अनुमान यावरून करता येते.

चौकट उसनी असली तरी आतील विचारपद्धती वैद्यकाचीच राहिली, हे निषेधांवरून स्पष्ट होते. पुराणे आणि निबंधग्रंथ प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या अशा तिथींना दंतकाष्ठ वर्ज्य ठरवितात आणि त्या दिवशी बारा चुळांनी काम भागवावयास सांगतात, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात या प्रकरणाची सविस्तर चर्चा केली आहे. वाग्भटाच्या अध्यायात तिथीचा मागमूस नाही. अजीर्ण, वांती, श्वास, खोकला, ज्वर, अर्दित, तहान, मुखपाक, तसेच हृदय, नेत्र, शिर व कर्ण यांचे रोग असणाऱ्याने दंतकाष्ठ वापरू नये, असे तो सांगतो. अभ्यंग नित्य करावा. पण कफाने ग्रस्त, शोधन घेतलेला आणि अजीर्ण झालेला यांनी करू नये. व्यायाम बलवंताने आणि स्निग्ध आहार घेणाऱ्याने अर्ध्या शक्तीपर्यंत, तोही थंडीत व वसंतात करावा. एरवी त्याहूनही बेताने. व्यायाम, जागरण, प्रवास यांचा अतिरेक करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो. गरम पाण्याचे स्नान मानेखाली बलकारक, पण मस्तकावर तेच पाणी केस व डोळे यांस अपायकारक. एकाच क्रियेला एक शास्त्र पंचांग पाहून मना करते आणि दुसरे रोग्याची जीभ पाहून. या दोन अधिकारांमधील अंतर दिनचर्येच्या इतिहासात मध्यवर्ती आहे.

ही दिनचर्या कोणाची, हाही प्रश्न विचारला पाहिजे. चरकाने जीभ खरवडण्यासाठी सोने, रुपे, तांबे, कथील आणि पितळ यांची साधने सांगितली. जायफळ, लवंग, कंकोळ, सुपारी, कापूर, वेलदोडा आणि विड्याचे पान तोंडात धरावयास सांगितले. कामसूत्रातील नागरकाची दिनचर्या शेजारी ठेवली तर साम्य लपत नाही : नित्य स्नान, दिवसाआड उत्सादन, तिसऱ्या दिवशी फेनक, चौथ्या दिवशी श्मश्रू. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६ ते ११३८) याच्या मानसोल्लासात स्नान, तांबूल, विलेपन, पादाभ्यंग हे राजाचे उपभोग म्हणून वर्णिले आहेत. वैद्याने ज्याला रक्षण म्हटले त्यालाच राजाने भोग म्हटले. पहाटे नांगर धरणाऱ्या कुणब्याला किंवा मोट हाकणाऱ्याला यांतले किती शक्य होते याविषयी संहिता मौन बाळगतात. त्याला बहुधा निंबाची काडी पुरत असावी, आणि ती तर सर्वांत हितकर द्रव्यांत गणलेली होती!

महाराष्ट्रापुरते पाहता या इतिहासातील मुख्य पुरुष हेमाद्री होय. देवगिरीच्या महादेव (इ. स. १२६१ ते १२७१) आणि रामचंद्र या यादव राजांचा हा श्रीकरणाधिप चतुर्वर्गचिंतामणीचा कर्ता म्हणून प्रसिद्ध आहे, पण अष्टांगहृदयावरील ‘आयुर्वेदरसायन’ ही टीकाही त्याचीच. टीकेच्या आरंभी त्याने दिलेला हेतू मोठा सूचक आहे. चतुर्वर्गचिंतामणीत सांगितलेली व्रते, दाने इत्यादी सिद्धीस जाण्यासाठी आरोग्य हे अंग आवश्यक, म्हणून ही टीका, असे तो म्हणतो. वाग्भटाने धर्माला सुखाचे साधन म्हणून आरोग्याच्या अध्यायात आणले होते. हेमाद्रीने आरोग्याला धर्माचे अंग केले. साध्य आणि साधन यांची ही अदलाबदल मूळ ग्रंथातील एकही अक्षर न बदलता झाली, आणि म्हणूनच ती सहसा लक्षात येत नाही.

हेमाद्रीच्याच काळातील मराठी गद्य या बाबतीत निराळी साक्ष देते. लीळाचरित्रात चक्रधरांच्या नित्यक्रमाचे शब्द पुनःपुन्हा येतात : मर्दना, मादने, पूजा, आरोगणा, तांबूल, पहुड, उपहुड. यांत मर्दना म्हणजे अंग चोळणे आणि मादने म्हणजे स्नान. येथे ना वैद्यकाचे फलश्रुतिवाक्य आहे, ना आह्निकाचा विधी. तेल लावून न्हाणे ही त्या काळच्या सुस्थित घरातील पाहुण्याची सहज सेवा होती, एवढेच त्यातून दिसते. संस्कृत टीकाकार ज्या आचाराचे प्रयोजन शोधीत होता तो गोदातीरी लोक प्रयोजनाचा विचार न करता पाळीत होते.

मराठी शब्दसंपत्तीतही हा अध्याय जागोजाग मुरलेला आहे. दातवण हा शब्द दंतपवनाच्या कुळातील, उटणे उद्वर्तनाच्या. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणे यातील माखणे म्हणजे स्नेह लावणे. पण जो अभ्यंग वाग्भटाने नित्य सांगितला तो बहुतेक घरांत नरकचतुर्दशीच्या पहाटेपुरता उरला. तेल, उटणे, ऊन पाणी हा क्रम संहितेचा. चंद्रोदय आणि तिथी मात्र पंचांगाची. बाळंतिणीचा शेकशेगडीचा महिना हा दुसरा आश्रय. येथे अभ्यंग रोज होतो आणि त्याला मर्यादाही असते. किती दिवस, कोणत्या तेलाने, ज्वर असल्यास थांबवावे की नाही, हे घरातील वृद्ध स्त्री किंवा न्हाऊ घालणारी बाई ठरविते. संहितेतील सशर्त विचारपद्धती वाचन-लेखनाशी संबंध नसलेल्या या परंपरेत जिवंत राहिली, हे विशेष आहे.

मुद्रणयुगात ग्रंथ पुन्हा हाती आला. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० मध्ये मुंबईत अरुणदत्ताच्या ‘सर्वांगसुंदरा’ टीकेसह अष्टांगहृदय प्रसिद्ध केले. गणेश कृष्ण गर्दे यांच्या सार्थ वाग्भटाने ते मराठी वाचकाच्या घरात नेले. आणि १९३९ मध्ये हरिशास्त्री पराडकर यांच्या निर्णयसागर आवृत्तीत अरुणदत्त व हेमाद्री एकाच पानावर आले. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला, आणि पुढे आयुर्वेद महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात ‘स्वस्थवृत्त’ हा स्वतंत्र विषय झाला. हे नाव सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील एका अध्यायाचे आहे. पण त्या अध्यायाचा मुख्य विषय ऋतूंनुसार वर्तन हा आहे, दिवसाचा क्रम नव्हे.

आजच्या यादीत अग्रभागी असलेले उषःपान या सर्व चर्चेत अद्याप आलेले नाही, याचे कारण ते वर निर्देशिलेल्या अध्यायांत नाहीच. सूर्योदयाच्या सुमारास आठ प्रसृती पाणी प्यावे हा विधी सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात सापडतो. म्हणजे दिवसाच्या क्रमातील पहिली गोष्ट ग्रंथांच्या क्रमात पुष्कळ उशिरा येते. अणुतैलाच्या नस्याची कथा उलट आहे. चरकाने ते प्रावृट्, शरद आणि वसंत या तीन काळी, आकाश निरभ्र असताना घ्यावयास सांगितले. थोड्या मात्रेचे रोज घ्यावयाचे प्रतिमर्श नस्य हा निराळा प्रकार असून त्याचे चौदा काळ सुश्रुताने आणि पंधरा वाग्भटाने दिले आहेत. गंडूष आणि कवल यांतही भेद आहे : मुख इतके भरावयाचे की आतील द्रव हलविता येऊ नये तो गंडूष, आणि हलविता येतो तो कवल. तेल तोंडात खळखळविण्याचा हल्ली प्रचलित असलेला प्रकार या व्याख्येनुसार कवलात मोडेल.

भारत सरकारच्या आयुष मंत्रालयाने ३१ मार्च २०२० रोजी साथीच्या काळासाठी जी स्वसंरक्षणाची सूचनापत्रिका काढली तीत दिनचर्या व ऋतुचर्या यांचा आधार सांगून दिवसभर गरम पाणी पिणे, सकाळ-संध्याकाळ नाकपुड्यांना तीळतेल, खोबरेल किंवा तूप लावणे आणि चमचाभर तेल दोनतीन मिनिटे तोंडात धरणे हे उपाय दिले होते. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी पत्रिका ग्रंथाच्या नव्या हस्तलिखितासारखी वाचता येते : कोणते पाठ घेतले, कोणते गाळले, कोठे दोन पाठ एकत्र झाले. नस्य आणि गंडूष टिकले; अंजन गळाले, धूम गळाला. चरकाच्या यादीतील शेवटचा दंडही गळाला. अडखळणाऱ्याला आधार, शत्रूला आवर आणि भयाचे निवारण असे त्याचे गुण चरकाने सांगितले होते, आणि कुत्री, सर्प, हिंस्र पशू व शिंगे असलेली जनावरे यांपासून तो रक्षण करतो अशी भर सुश्रुताने घातली होती.